दुसऱ्या अल्बमचे चेकर

चाचा गाणं हातांनी ऐकायचे. आमच्याकडे पाठ फिरवून लांब टेबलाशी उभे राहायचे आणि समोर नसलेलं कापड एका गतीने पुढे ओढत राहायचे. काही खटकलं की टेबलावर खडूची रेघ. भिवंडीत एकाच शेठच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म चेकरचं काम केलं. लूमवरून उतरलेला तागा नजरेखालून घालायचा, तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खूण करायची. अशा माणसाकडे हार्ड रॉक तपासायला कसं गेलं, ते सांगते.

माझा धाकटा भाऊ अजित गिटार वाजवायचा आणि गायचा. चौघांचा बँड होता. वायरी, जादा तारा, कोण किती वाजता येणार, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. शेठ वडिलांचे मित्र, म्हणून कारखान्यावरची चेकिंगची खोली आम्हाला रेकॉर्डिंगसाठी शुक्रवारी मिळायची. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी खालच्या खडखडाटाशिवाय माइकमध्ये काही शिरलंच नसतं. खोलीची किल्ली चाचांकडे. ती परत न्यायला म्हणून यायचे आणि थांबायचे.

पहिला अल्बम आम्ही कुणालाच न विचारता काढला. तो मोठ्या आवाजात होता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. दुसऱ्याच्या वेळी अजितला आखातात नोकरी लागली होती. बँड संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. "ताई, जाण्याआधी एक तरी काम असं हवं, की ऐकवताना लाज वाटू नये," एवढंच तो म्हणायचा.

पहिल्याच गाण्यावर टेबलावर सतरा रेघा पडल्या. मी घड्याळ लावून प्रत्येक रेघेची वेळ काढली आणि यादी अजितच्या हातात दिली. तो भडकला. "कापड बघणाऱ्याला गिटारमधलं काय कळतं?"

"गिटार न्हाय कळत, बेटा," चाचा म्हणाले. "कंटाळा कळतो. तू ते टुंगटुंग सुरू केलंस ना, तेवढ्यात माझे दोन तागे झाले असते."

ड्रमर खो खो हसला. अजित तरातरा जिना उतरून गेला. पुढच्या शुक्रवारी ते लांबलचक वादन निम्मं कापून तोच परत आला. रेघा सहा.

कौतुक चाचांना जमत नसे. गाणं पसंत पडलं की फक्त "जाऊ दे माल." त्या तीन शब्दांसाठी चार तरणे गडी जीव टाकत होते. गाणी आखूड झाली, घट्ट झाली. नुसता गोंगाट होता तिथे वजन आलं. कव्हरवर आभार मानायची यादी मी केली, तेव्हा चाचांनी स्वतःचं नाव खोडायला लावलं. "यादीबाई, चेकरचं नाव कापडावर कुठे असतं?"

शेवटचं गाणं मात्र अडलं. मधल्या एका ओळीत अजितचा आवाज ढिला पडत होता. रेघ एकच, पण चाचा पुसायला तयार नव्हते. पुन्हा करायचं तर शुक्रवार हवा, आणि शुक्रवारी पहाटे अजितचं विमान होतं. मी पर्यायांची यादी केली. त्यातला एकही चालण्यासारखा नव्हता.

गुरुवारी दुपारी चाचा शेठकडे गेले आणि मग लूममागून लूम फिरले. कारागिरांची मजुरी मीटरवर. मशीन थांबलं की नुकसान त्यांचंच. त्यांना चाचा काय म्हणाले, ते मला कुणी सांगितलं नाही. एकेक लूम थांबत गेला. चाळीसेक माणसं जिन्यावर येऊन बसली आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

अजितने ते गाणं एकदाच म्हटलं. मी चाचांकडे बघितलं, तर टेबलापाशी कुणीच नव्हतं. ते जिन्यात उभे राहून कारागिरांना खाली पिटाळत होते, "चलो भाई, हो गया, मशीन चालू करो!" अजित पाया पडायला वाकला, तर म्हणाले, "जा, बॅग भर. उशीर होईल."

तो अल्बम आजही लोक शोधून ऐकतात, आणि त्यातलं ते गाणं सगळ्यात आधी.

चाचा मागच्या वर्षी गेले. मी अजितला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ते शेवटचं गाणं पुढे कधी ऐकलं का गं त्यांनी नीट?"

इतकी वर्षं मी त्याच गावात होते. ईदला त्यांच्या घरी जात होते. माझं विचारायचं राहून गेलं.