भिंतीवरचं शेवटचं कार्ड

पंखा लावला की भिंतीवरची रंगीत कार्डं फडफडतात, आणि मला त्यांचा संताप येतो. कादंबरी जुळवायची ही रीत एका लेखक मित्राने शिकवली: एका कार्डावर एक प्रसंग, आणि नायकाच्या बायकोचं मरण अगदी शेवटी. "वाचकाला ताटकळत ठेव रे," तो म्हणाला. जणू माझ्या कुसुमचं जाणं म्हणजे पोरांसाठी मुठीत लपवलेली गोळी.

वर्षभर मी त्या क्रमाने लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक पानावर ती हसायची, आणि पुढचं ठाऊक असूनही मी लबाडासारखा गप्प राहायचो.

कुसुम सिनेमा पाहून आली की आधी शेवट सांगायची. "शेवटी तो मरतो. आता नीट ऐका."

मी चिडायचो. "अगं, मग ऐकायचं काय उरलं?"

"तो जगला कसा, ते! मरतात काय, सगळेच."

मग भाजी निवडत ती तासभर सांगत राहायची. माणूस जाणार हे कळलेलं असल्यामुळे त्याचं साधं चहा पिणंसुद्धा मी कान देऊन ऐकायचो.

आज पंख्याने शेवटचं कार्ड खाली पाडलं. त्यावर लिहिलं होतं, 'ती जाते'. मी ते पुन्हा भिंतीवर लावलं नाही. उरलेली कार्डंही ओरबाडून काढली, हे एक टेबलावर समोर ठेवलं आणि कादंबरीची सुरुवात केली:

कुसुम गेली. आता नीट ऐका.