दौलताबादचा वाटाड्या

निजामाच्या राजवटीत मी औरंगाबादेत मास्तर होतो. पाहुणे आले की दौलताबाद दाखवायला मी नेहमी एकच वाटाड्या ठरवी. तो समोरचा माणूस पाहून इतिहास सांगे. हैदराबादच्या पाहुण्यांपुढं किल्ला शौर्यानं जिंकलेला असे, पुण्याच्या पाहुण्यांपुढं फितुरीनं गेलेला.

एकदा सासरे आले होते. बादशहानं दिल्लीहून राजधानी इथं आणली ती बेगमेच्या हट्टापायी, असं तो त्यांना रंगवून सांगत होता.

"साफ खोटं! दक्षिणेवर वचक बसवायला आणली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. पुढं सगळ्या पायऱ्यांवर तो "जपून" एवढंच बोलला. सासरे जांभया देऊ लागले.

माथ्यावर पोचल्यावर त्यानं मला विचारलं, "मास्तर, बादशहा आला तवा आमची मानसं हितंच व्हती. त्यांचं काय झालं, लिवलंय का तुमच्या किताबात?"

"नाही."

"मंग तेवढं तरी मला सांगू द्या."

आणि त्यानं बादशहाला पाणी पाजणाऱ्या आपल्या खापरपणजीची गोष्ट सुरू केली. मधे सहाशे वर्षं गेली होती, हे मला ठाऊक होतं. सासरे पुढं सरकून बसले. थोड्या वेळानं मीच विचारलं, "मग बादशहा काय म्हणाला?"