दहीवालीचं पथ्य

देवरीच्या बसस्टँडमागे रुख्माबाई टेंभरे दही विकायच्या. रायपूरकडे जाणारे ट्रकवाले त्यांच्या मडक्यातल्या दह्यासाठी मुद्दाम थांबायचे. २०११ साली त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला आणि नागपूरच्या एका दवाखान्यात केमो सुरू झाली.

दुसऱ्या केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं: ताजं, शिजवलेलंच खायचं. दही-ताक बंद.

"मीच दही इकते, अन् मीच खाऊ नोको?" रुख्माबाई हसल्या. पण पथ्य त्यांनी पाळलं.

नवऱ्याला, श्यामलालला, ते पटलं नाही. दह्यातल्या जंतूंमुळे नवीन रक्त बनतं, असं त्यानं पेपरात वाचलं होतं. धान घेऊन गोंदियाला गेला तेव्हा मेडिकलमधून त्यानं प्रोबायोटिकच्या, म्हणजे तसल्याच जंतूंच्या, पुड्या आणल्या. बंदी दह्याला आहे, पुडीला थोडीच! बायको नाही म्हणेल म्हणून तिला न सांगता तो त्या पेजेत मिसळू लागला.

थोड्याच दिवसांत रुख्माबाईंना हुडहुडी भरून ताप आला. जीप करून नागपूर गाठलं.

"घरी वेगळं काही दिलंत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

 श्यामलालनं खिशातली रिकामी पुडी टेबलावर ठेवली. "हे देऊन राहिलो होतो, म्याडम. रगत बनते म्हणून पेपरात वाचलं होतं."

त्या रागावल्या नाहीत. पुडीवरचं जंतूचं नाव त्यांनी फोनवर लॅबला कळवलं. "तुम्ही वाचलंत ते उंदरांवरच्या प्रयोगाचं असेल," त्या म्हणाल्या. "पण पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी, आणि यांच्या अंगात सध्या तेच नाहीत. चांगला जंतू रक्तात शिरला, तरी त्याला अडवणार कोण?"

रक्तात तोच जंतू सापडला. नेहमीचं औषध त्याच्यावर चालत नव्हतं. ते बदललं, पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली आणि ताप उतरला.

"मले काऊन नाही सांगितलं?" घरी आल्यावर रुख्माबाईंनी विचारलं.

"तू नाही म्हटली असती."

"हो. नाहीच म्हटलं असतं."

उपचार संपेपर्यंत त्यांनी नवऱ्याच्या हातची पेज घेतली नाही. स्वयंपाकाला त्यांची आमगावची बहीण येऊन राहिली.

पुढच्या वर्षी दुकान परत सुरू झालं. एकदा चिचगडचा एक माणूस दही मागायला आला. भावाची केमो चालू होती, त्याच्यासाठी हवं होतं.

"पांढऱ्या पेशी किती आहेत त्याच्या? डॉक्टरले पुसलं का?"

"दह्यासाठी डॉक्टरले कायले पुसाचं, बाई?"

"मंग नाही देत."

तो हसला आणि समोरच्या डेअरीत गेला. श्यामलाल मडकी घासत होता. त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुढचं मडकं उचललं. त्या भावाचं पुढे काय झालं, ते रुख्माबाईंना कळलं नाही.