वरच्या मजल्यावर गेलेल्या लिली

समस्त मराठी जनांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, गेल्या चैत्रात दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या एका तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरसमोरून पेरूवियन लिलीची सगळीच्या सगळी फुलं नाहीशी झाली. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला गेला नाही, ही सरकारची चूक.

क्वार्टर आमचं, फुलं माझी. ऑक्टोबरात नर्सरीतून आणलेले वाळक्या बोटांसारखे कंद मी स्वतः पुरले. डिसेंबरच्या धुक्यात त्यांच्यावर पालापाचोळ्याचं पांघरूण घातलं. नवऱ्याला कधी इतक्या मायेने घातलं नव्हतं. मार्चमध्ये पिवळी, गुलाबी, आतून वाघासारखे पट्टे ओढलेली फुलं आली, तेव्हा पुण्याला आईला फोटो पाठवले.

आईच्या मते दिल्लीत फक्त फायली उगवतात. "बाजारातून आणून खोचली असशील," ती म्हणाली.

"येऊन बघ," मी म्हणाले. आणि ती खरंच निघाली.

तिला स्टेशनवरून घेऊन आले, तर वाफ्यात नुसते बोडके दांडे. आईने दांड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाली, "चहा टाक." खोटारडी म्हणाली असती तर मी भांडले असते. 'चहा टाक'शी कसं भांडणार?

"माकडं असतील, यार," नवरा म्हणाला.

माकडं कात्री वापरत नाहीत. दांडे मधोमध कापलेले होते. या लिलीचा दांडा कापायचाच नसतो. पीळ देऊन बुडापासून ओढून काढायचा, म्हणजे नवे कोंब येतात. चोरी ती चोरी, वर इतकी अडाणी. त्या दुपारी मी लाटलेल्या पोळ्यांनी कोणाचंही डोकं फुटलं असतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आईला घेऊन गेले. झोपाळ्यात गौर, पुढे कलिंगडाचं कमळ, आणि दोन्ही बाजूंना पितळी तांब्यांत माझ्या लिली. बायका म्हणत होत्या, "बिल्कुल फॉरेनच्या वाटतात." काकूंनी मला कुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले आणि हातात माझंच फूल ठेवलं.

"तुझ्यासाठी मुद्दाम पिवळं ठेवलं होतं."

"काकू, ही माझ्या वाफ्यातली आहेत."

"अगं, तुझा वाफा कसला? जमीन सरकारची. आणि देवीच्या फुलांना कसलं विचारायचं?"

समोर गौर, कपाळावर ताजं कुंकू. अशा वेळी भांडता येत नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. मी कैरीच्या डाळीत चमचा खुपसला. शेजारी आई, एका हातात पन्ह्याचा पेला आणि दुसऱ्या हातात काकूंनीच दिलेलं फूल घेऊन, त्यावरचे पट्टे निरखत होती. मग सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी खोटं बोलत नव्हती, तुम्ही चोर आहात होय."