गोणपाटावरचे रॉकर

शिवाप्पा मूळचा नेसरीचा. कागलात हायवेच्या कडेला हंबीररावांचं गॅरेज होतं. तिथं तो मिस्त्री आणि मी त्याच्या हाताखाली.

इंजिन उघडताना तो घाई करू देत नसे. व्हॉल्व्हच्या झडपा दाबणारे लोखंडी रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्याचे बोल्ट दोन्ही टोकांकडून आत येत, थोडे थोडे ढिले करायचे. एकीकडचेच सोडले तर दांडा वाकतो. मग एकेक रॉकर काढून गोणपाटावर मांडायचा, ज्या व्हॉल्व्हवरचा त्याच जागी. वर्षानुवर्षं घासून तो त्या व्हॉल्व्हचाच झालेला असतो. दुसऱ्यावर बसवला की खडखडतो.

शिवाप्पाला ही मांडणी आणखी एका कारणासाठी लागे. त्याची नजर जात चालली होती. सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं दिसे. हे त्याच्या बायकोला, शांतव्वाला ठाऊक होतं आणि मला. मालकांना कळलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. घरी बसायची त्याला धास्ती होती.

सत्त्याण्णवच्या खंडेनवमीला एका ट्रकचं इंजिन उघडं होतं. आम्ही जेवायला गेलो आणि मालकांच्या आई, अंबूबाई, पूजेला आल्या. पुजायचं लोखंड तेलकट कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी गोणपाटावरचे सगळे रॉकर रॉकेलमध्ये धुतले, परातीत ढीग केला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. आम्ही आलो तेव्हा उदबत्ती अर्धी जळाली होती.

शिवाप्पा परातीसमोर बसला. त्याला नुसतं पिवळं दिसत असावं.

"झ्याक केलंसा आक्का," एवढंच म्हणाला.

पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत. गाडी तर दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला द्यायची होती.

दसऱ्याच्या सकाळी तो इंजिनापाशी बसला. एक अंगठा व्हॉल्व्हच्या टोकावर, दुसरा रॉकरच्या तोंडावरच्या खळग्यात. डोळे मिटलेले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडले होते. ते सरकत सरकत त्याच्या पायांवर आले, गुडघ्यावर चढले. तो हलला नाही. मधूनच कन्नडमध्ये पुटपुटे, इदल्ला, इदल्ला. नाही, हा नाही. मग एखादा रॉकर हातात थांबे आणि गोणपाटावर आपल्या जागी जाई. झेंडूचा आणि रॉकेलचा वास एक झाला होता. कडेचा हायवे कुठंतरी लांब वाहत असल्यासारखा ऐकू येत होता. मलाही झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

मी दांडा बसवला, मधून बाहेर बोल्ट आवळत नेले, टॅपेट सेट केले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मापात आणली. इंजिन सुरू झालं. टकटक येत होती. शिवाप्पानं मान कलती केली. चौथ्याचा पाचव्यावर आणि पाचव्याचा चौथ्यावर गेलाय, म्हणाला. पुन्हा उघडलं, बदललं. या वेळी इंजिन मऊ चाललं.

मागं वळलो तर दारात हंबीरराव. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"मिस्त्री, दिसत न्हाय व्हय तुमाला?"

शिवाप्पानं चिंधीला हात पुसले. "न्हाय मालक. पण ऐकू येतंय की."

हंबीररावांनी खिशातनं आपट्याची पानं काढली, त्याच्या तेलकट मुठीत दाबली. "सोनं घ्या. उद्या येळंवर या."

पुढच्या खंडेनवमीलाही गोणपाटावर रॉकर होते. अंबूबाई वाकून, एकही न उचलता, प्रत्येकाला जागच्या जागी कुंकू लावत गेल्या. शेजारी शिवाप्पा बसला होता, डोळे मिटून.