रुमालाखालचा हात

दगडूनाना पाटील धुळ्याच्या बैलबाजारात रुमालाखाली सौदा चालू असताना कोसळले. दुष्काळ संपल्यानंतरचा तो पहिला हिवाळा होता, १९७३ सालचा. वेळ दुपारची, बाजार भरात होता. सौदा खिलारी जोडीचा होता आणि समोर सुपडूभाऊ होते.

नाना विकणाऱ्यांच्या बाजूचे दलाल. सुपडूभाऊ घेणाऱ्यांच्या बाजूचे. दोघे वीसेक वर्षे एकमेकांच्या विरोधात उभे राहत आले होते आणि बाजार उठल्यावर एकाच टपरीवर चहा पीत. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकासाठी धुळ्याहून बाजारभाव आणि किरकोळ बातम्या पाठवीत असे आणि नानांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत असे. नाना माझ्याशी शहरी मराठी बोलत. बाजारात अहिराणी.

बैलांचा भाव त्या बाजारात तोंडाने बोलत नसत. दोन दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबत. तोंडाने फक्त 'शेकडा' किंवा 'दहा' एवढेच म्हणायचे. किती शेकडे आणि किती दहा, ते बोटांनी. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नसे. पण मुरलेला दलाल बोटांवर थांबत नाही. त्याचा अंगठा समोरच्याच्या मनगटापर्यंत जातो. नाडी पळत असेल तर समोरचा माणूस अडलेला आहे किंवा खोटा भाव रेटतो आहे, असा हिशेब. हे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येत असते.

नानांचे काळीज बिघडले ते साधारण १९७० सालच्या सुमारास. जिना चढताना दम लागू लागला, पायांवर सूज आली. जळगावला एका डॉक्टरांकडे छातीचा आलेख काढला. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापात हृदयाची एक झडप आखडली होती. त्यामुळे आता हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ठोके वेडेवाकडे पडतात आणि हे कायमचे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. वरच्या कप्प्यात रक्त साकळू शकते, गाठ सुटून मेंदूकडे जाऊ शकते, हेही सांगितले. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या, पण त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागे आणि ती सोय मुंबईला होती. नानांनी आलेखाची पट्टी हातात घेऊन पाहिली. "पेरणीची तिफण नवशिक्याच्या हातात दिलेली दिसते," म्हणाले. "एक ओळ जवळ, एक लांब."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पाटील, बाजार सोडा."

"सोडतो. बाजाराने मला सोडलं की."

रोजची सकाळ ठरलेली होती. ठोके आवरण्यासाठी डॉक्टरांनी एक गोळी दिली होती; ती घेण्याआधी ठोके मोजायचे. फार मंद असतील तर त्या दिवशी गोळी नाही. काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत म्हणून छातीवर कान लावून मोजा, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते काम सोनाअक्कांकडे होते, नानांच्या पत्नीकडे. गजराचे घड्याळ मांडीवर घेऊन त्या नानांच्या छातीला कान लावत आणि बोटाने जमिनीवर टिचक्या मारत. मधेच चुकत, पुन्हा सुरू करत.

"सरळ चालत असतं तर मोजलं असतं," त्या म्हणत. "हे ठेचकाळतं, मग पळतं, मग उभंच राहतं. बाजारातून सुटलेला गोऱ्हा आहे नुसता."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढी जवळ कधी आली नव्हती," नाना म्हणत.

"बोलू नका. मोजणं चुकतं."

मीठ बंद झाले. अक्का भरीत दोन भांड्यांत करीत. नाना आपल्या भांड्यातले भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर घेत आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसत. "ओली राख आहे," म्हणत आणि खात. लघवीची गोळी बाजाराच्या दिवशी ते घेत नसत, कारण सौदा मध्येच सोडून जाता येत नसे. मग दुसऱ्या दिवशी पाय सुजत आणि रात्र गुंडाळलेल्या वळकटीला टेकून बसून जाई. सकाळी ओट्यावर त्यांची भेट होई तेव्हा चेहरा उतरलेला असे. एकदा म्हणाले, "काम करून दमलो तर कशाने दमलो ते सांगता येतं. मी काही न करता दमतो. आणि झोपून उठलं की आणखी दमलेला असतो."

बाजारात मात्र कोणाला कळू नये याची ते काळजी घेत. चालताना दम लागला की जवळच्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहत. बघणाऱ्याला वाटे, नाना जनावर पारखताहेत. श्वास बसेपर्यंत पारखत. सोनगीरच्या एका शेतकऱ्याने तर नाना एवढा वेळ उभे राहिले म्हणजे बैलात खोट आहे, असे समजून स्वतःहून भाव उतरवला होता.

पण मनगट लपवता येत नव्हते. दुष्काळाच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या बाजारात, पाचोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची जोडी नानांकडे होती. त्याला घाई नव्हती. भाव रास्त होता. सुपडूभाऊंनी रुमालाखाली हात घातला, अंगठा नाडीवर नेला आणि खालचा भाव धरून बसले.

"नाना, तुन्हा माणूस अडेल दिखस."

"नही रे भो."

"तुन्हा हात सांगस."

सौदा मोडला. शेतकऱ्याने भरबाजारात विचारले की तुम्ही त्यांना रुमालाखाली काय सांगितले. पुढच्या दोन बाजारांत तसेच झाले. नानांनी मनगटाला फडके गुंडाळले. त्याने संशय वाढला. लोक आपली जोडी दुसऱ्या दलालाकडे नेऊ लागले. नाना रिकामे परत येत आणि ओट्यावर बसून राहत. अक्का म्हणाल्या, "सांगून टाका ना एकदा."

"आजारी दलालाच्या हातात कोण दावं देईल?"

"आता तरी कोण देतंय?"

पुढच्या बाजाराला मी बातमीसाठी गेलो होतो. नानांनी फडके सोडले, रुमाल खांद्यावर टाकला आणि उघडा हात सगळ्या दलालांपुढे धरला.

"धरा. बठ्ठा जण धरी देखा. मन्हं काळीज आजारी शे. हाई नाडी बठ्ठा दिन आशीच पळस. सौदा बोटेसमा शे, नाडीमा नही."

काहींनी खरेच धरून पाहिली. एकाने दचकून हात सोडला. सुपडूभाऊंनी सर्वांत जास्त वेळ धरली. मग म्हणाले, "मंग आते तुन्ही लबाडी आम्ही कशी वळखवा?"

"इतला वरीसमा तरी वळखी का?"

लोक हसले. त्या दिवशी नानांना एक सौदा मिळाला. तो सुपडूभाऊंनीच केला. त्यानंतर कामे हळूहळू परत आली, पूर्वीइतकी नाही. समोरचे दलाल नानांच्या मनगटाकडे अंगठा नेत नसत. सुपडूभाऊ नेत. विचारले तर म्हणत, सवय.

दुष्काळात बाजार ओस पडला आणि नाना घरीच होते. पाऊस झाल्यावर लोक पुन्हा जोड्या घ्यायला निघाले तसे तेही निघाले. अक्कांनी अडवले नाही. कोसळले त्या दिवशी सकाळी ठोके मोजले होते, गोळी घेतली होती.

पुढचे सुपडूभाऊंनी सांगितलेले. नाना 'शेकडा' म्हणाले, बोटे दाबली. मग 'दहा' म्हणाले, बोटे पुरी दाबली. त्यानंतर हात मऊ पडला. सुपडूभाऊंनी वर पाहिले तर नानांचे तोंड एका बाजूला ओढले होते. त्यांनी रुमाल काढला नाही. दुसऱ्या हाताने नानांना कमरेला धरले आणि जमलेल्यांना म्हणाले, "सौदा चालू शे. दूर व्हा." तसेच धरून खाली बसवले. मग बैलगाडी मागवली.

उजवी बाजू गेली होती, वाचाही. नाना इस्पितळात आठवडाभर होते. अक्का तिथेही छातीला कान लावत. त्याच खाटेवर ते वारले.

जोडीचा भाव विकणाऱ्याला माहीत नव्हता, घेणाऱ्यालाही नव्हता. सुपडूभाऊंनी तो त्याच दुपारी, नानांना गाडीत घातल्यावर, सांगितला. घेणारा त्यांचाच माणूस होता. तो म्हणाला, "हा जास्त होतो. तुम्ही कमी केला असता."

"हाऊ भाव नानाना शे," सुपडूभाऊ म्हणाले. "मन्हा नही."

या भावाला दुसरा साक्षीदार नव्हता. जोडी त्याच भावाने गेली.