चार रुपयांचा फरक

ऑफिसच्या एक्सेलमध्ये बेरीज रुपया-दोन रुपयांनी चुकली की मला शहाद्याजवळचं आमचं अंगण आठवतं. दिवाळी तोंडावर होती, शेवेचा वास सुटला होता आणि आईच्या बचत गटातल्या बाराजणी व्याजाचा वाटा घ्यायला गोणपाटावर बसल्या होत्या. याच गटाच्या कर्जावर मी पदवीधर झालो, म्हणून हिशेब हौसेनं लॅपटॉपवर केला. चार हजार एकशे साठ भागिले बारा. दशांश लपवले, तर प्रत्येकीपुढे ३४७ दिसू लागले, आत मात्र ३४६.६७च होते. गटाची पेटी सांभाळणारी आई त्यातून प्रत्येकीला ३४७ वाटत गेली आणि शेवटच्या म्हातारीला ३४३च उरले. "मन्हा चार रुपया कोठे गयात वं?" म्हातारीनं विचारलं. "पोऱ्यानी फीमा गयात व्हतीन!" माझ्या कॉलेजच्या फीवर बोट ठेवत कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. आईनं स्वतःचे चार रुपये काढून दिले. मी प्रत्येकीला स्क्रीन दाखवत समजावत राहिलो; त्या माना डोलावून गेल्या. मग आई म्हणाली, "तुन्हं गणित बरोबर शे, बेटा. पण त्यास्नी मन्हाकडे कसं देखं, ते तू देखं का?" दुसऱ्या दिवशी तिनं गटाच्या पेटीची किल्ली परत केली. आता मी प्रत्येक वाटा आधी पूर्ण रुपयांत करतो, उरलेली रक्कम वेगळी दाखवतो. गटाची बैठक आता दुसऱ्या अंगणात भरते. आई जाते, दाराशी बसते आणि सगळ्यांच्या आधी उठून घरी येते.